किक मारायच्या आधी: जुन्या ब्रिटिश गाड्यांवर वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या पानावर मी माझ्या मामाच्या बीएसए फटफटीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, १९७१ साली तिच्यावर बसून पुणं ते महाबळेश्वर केलं तेवढंच. एरवी या सदरात स्कूटरचं ॲव्हरेज, बॅटरी, टायर असले प्रश्न येतात, पण या वेळी अर्ध्याहून जास्त पत्रं जुन्या ब्रिटिश गाड्यांचीच आली आणि काही पत्रांत तर प्रश्न नव्हताच, नुसती आठवण होती. म्हणून हे अख्खं सदर त्यांनाच दिलंय.

काका, मी २४ वर्षांचा आहे, इस्लामपूरजवळ आमचं गाव. आजोबांची फटफटी गोठ्यामागं पत्र्याखाली पंधरा-सोळा वर्षं उभी आहे. टाकीवर काळा रंग आहे पण नखानं खरवडलं की खाली हिरवा लागतो. इंजिनवर डब्ल्यूएम२० आणि पुढं आकडे आहेत. वडील म्हणतात भंगारात घाल. मला चालू करायचीय, किक मारून बघू का?

नको! आधी सगळं वाच, मग गाडीला हात लाव. आणि वडिलांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं भंगारवाल्याला फोन करू नका.

तुझ्याकडं आहे ती बीएसए एम२०. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, मुळात बंदुका बनवणारी कंपनी, म्हणून तिच्या चिन्हात तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या दिसतात. आतला हिरवा रंग मिलिटरीचा. दुसऱ्या महायुद्धात या मॉडेलच्या सव्वा लाखाच्या आसपास गाड्या बनल्या, निरोप पोचवणारे डिस्पॅच रायडर त्यांच्यावर फिरायचे, आणि युद्ध संपल्यावर इथल्या छावण्यांत राहिलेल्या गाड्या लिलावात निघाल्या. नॉर्टनची १६एच, मॅचलेसची जी३एल, एरियल, सगळ्या त्याच वाटेनं आपल्याकडं आल्या आणि लोक त्यांना डिस्पोजलच्या गाड्या म्हणायचे. माझ्या मामानं त्याची खडकीत अशीच घेतली होती. ४९६ सीसीचं एकच सिलिंडर, व्हॉल्व्ह वर नाहीत तर बाजूला, म्हणून हेड असं चपटं दिसतं, पुढं गर्डर फोर्क आणि त्याच्या मधोमध एक जाड स्प्रिंग, मागं शॉकॲबसॉर्बर नावाची गोष्टच नाही, जी काय मऊ गोष्ट आहे ती म्हणजे सीटखालच्या दोन स्प्रिंगा. ताकद जेमतेम १३ हॉर्सपॉवर. पण कॉम्प्रेशन इतकं कमी ठेवलंय की युद्धाच्या धामधुमीत मिळेल ते पेट्रोल पिऊन चालावी, आणि म्हणूनच ती आपल्याकडच्या पेट्रोलवर, आपल्याकडच्या रस्त्यांवर पुढं तीस-तीस वर्षं चालली.

आता किक का नको ते सांगतो. या गाडीला ऑइलची टाकी वेगळी असते, सीटखाली, आणि गाडी खूप दिवस उभी राहिली की टाकीतलं ऑइल हळूहळू पंपातून झिरपत खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, जमतं, आणि तशात किक मारणं इंजिनाला बरं नाही. तुझी तर पंधरा वर्षं उभी आहे. तेव्हा आधी खालचं सगळं ऑइल काढून टाक, टाकीतलंही काढ, तळाचा गाळ साफ कर. मग प्लग काढ, त्या भोकातून चमचाभर ऑइल सोड, एक दिवस तसंच राहू दे, नंतर गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं हळूच फिरव. पिस्टन हलला तर अर्धं काम झालं. नाही हलला तर जोर लावू नकोस, हातोडी तर अजिबात नको, पुन्हा ऑइल सोड आणि चार दिवस वाट बघ. पेट्रोलच्या टाकीत गंज असणारच. पेट्रोलच्या कॉकमध्ये बूच असतं, खरं बूच, बाटलीला असतं तसलं, ते वाळून आक्रसलेलं असेल, बदलावं लागेल. आणि आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं, ते जुन्या रबराला खातं, म्हणून पेट्रोलची नळी नवीनच घाल आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेव. टायरची काळजी करू नकोस, ३.२५ बाय १९, जुन्या बुलेटचाच साइज, कुठंही मिळेल.

मॅग्नेटो मात्र जाणत्याकडूनच बघून घे. मॅग्नेटो म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी देणारा डबा. त्यात एक कंडेन्सर असतो आणि तो म्हातारा झाला की मोठी फसवणूक करतो, थंड गाडी एका किकमध्ये चालू होते आणि वीस किलोमीटर जाऊन चहाला थांबलास की परत चालू होतच नाही. लोक कार्बोरेटर खोलत बसतात आणि दोष असतो कंडेन्सरचा.

हे सगळं झालं की मग किक. तीही कशी मारायची ते सांगतो, कारण हे पुस्तकात वाचून येत नाही असं मामा म्हणायचा आणि मला त्यानं अंगणात उभं करून शिकवलं होतं. पेट्रोलचा कॉक उघडायचा. कार्बोरेटरवर एक छोटी पिन असते, टिकलर, ती बोटानं दाबून धरायची, दाबून धरायची, आणि बोटाला पेट्रोलचा गारवा लागला की सोडायची. थंडी असेल तर हवेचा लिव्हर बंद. मग हँडलच्या डाव्या बाजूचा टायमिंगचा लिव्हर मागं, म्हणजे रिटार्ड, ठिणगी जरा उशिरा पडावी म्हणून, हे विसरायचं नाही. मग किक हळूच खाली दाबत न्यायची, एका जागी ती अडते, पायाखाली दगड आल्यासारखी, तिथं व्हॉल्व्ह लिफ्टरचा, म्हणजे इंजिनातला दाब सोडणारा, छोटा लिव्हर दाबायचा, किक अजून दोन बोटं खाली सरकवायची, लिफ्टर सोडायचा, किक वर येऊ द्यायची, आणि आता कंबरेतून सगळं वजन टाकून एकच किक, शेवटपर्यंत. पाय मध्येच ढिला सोडायचा नाही. चालू झाली की टायमिंगचा लिव्हर हळूहळू पुढं, आणि तो पुढं नेताना आवाज कसा बदलतो ते तू एकदा ऐक, आधी ओढल्यासारखा धप-धप येत असतो आणि लिव्हर सरकला की एकदम मोकळा होतो.

मी १९ वर्षांचा असताना एकदा रिटार्ड करायचं विसरलो. किक उलटी आली आणि नडगीवर अशी बसली की मी तिथंच खाली बसलो. मामीनं हळदीचा लेप लावला, मामा काही बोलला नाही, संध्याकाळी मला परत गाडीजवळ घेऊन गेला आणि म्हणाला आता मार. ती भीती पायात बसली असती तर कायमची बसली असती.

चालू झाली की ऑइलच्या टाकीचं झाकण उघडून आत बघ. परतीच्या नळीतून ऑइलची धार थेंब-थेंब, उचकी दिल्यासारखी येताना दिसली पाहिजे. मिनिटभरात दिसली नाही तर लगेच बंद कर. दिसली तर मला पत्र लिही.

माझे वडील ७८ वर्षांचे आहेत, नाशिकला माझ्याकडेच असतात. तरुणपणी त्यांची १९६४ सालची बुलेट होती, मध्यंतरी भावानं तशीच जुनी गाडी नीट करून आणली तर बाबा रोज तिच्याभोवती फिरतात, पुसतात, आणि परवा म्हणाले एक चक्कर मारतो. मला भीती वाटते. नाही म्हणू का? आणि बुलेट ब्रिटिश की आपली?

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो. जन्मानं ब्रिटिश, इंग्लंडमधल्या रेडिच गावची. आपल्या सैन्याला सरहद्दीवर गस्तीसाठी गाड्या हव्या होत्या, त्यातून १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली, आधी सुटे भाग तिकडून यायचे आणि मग सगळंच इथं बनायला लागलं. पुढं रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला, १९७० मध्ये तिकडची कंपनीच संपली, आणि मद्रासचा कारखाना मात्र चालूच राहिला. तेव्हा बाबांची बुलेट दोन्हीकडची, पण वाढली आपल्याकडं.

आता बाबांचं. डॉक्टरांनी गाडी चालवायला स्पष्ट मनाई केली असेल, चक्कर येत असेल, नजर कमी असेल तर माझं उत्तर वाचू नका, नाहीच म्हणा. पण तसं काही नसेल तर एकदम नाही म्हणू नका हो. माझं ऐका, एखाद्या रविवारी सकाळी सहा वाजता मोकळं मैदान बघा, भावाला बरोबर घ्या, आणि आधी नुसती किक मारू द्या. बुलेटच्या हेडलाइटवर अँपिअरचा छोटा काटा असतो. किक हळूच दाबत नेली की तो काटा एका बाजूला जातो आणि मग परत मधोमध येतो, तो मध्ये आला की समजायचं आता डीकम (इंजिनातला दाब सोडणारा छोटा लिव्हर) दाबायचं आणि किक मारायची. बाबांच्या हाताला हे आठवतंय का ते लांबून बघा. बहुतेक ते काट्याकडं बघणारही नाहीत, त्यांना पायालाच कळेल.

त्या जुन्या गाडीत गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात, पहिला गिअर वर आणि बाकीचे खाली. आत्ताच्या गाड्यांच्या बरोब्बर उलट. म्हणून बाबांनी मधली वीस वर्षं स्कूटर किंवा नवी गाडी चालवली असेल तर पहिल्या दिवशी रस्त्यावर जाऊ देऊ नका, कारण घाईच्या क्षणी पाय जुनी सवय धरेल की नवी ते सांगता येत नाही. माझा स्वतःचा पाय अजून अडचणीत उजवीकडंच गिअर शोधतो. मैदानात चार फेऱ्या, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, आणि न्यूट्रल शोधायला टाचेनं दाबायचा वेगळा छोटा लिव्हर असतो तो आठवतोय का विचारा, खुलतील.

आणि हेल्मेट. त्यांच्या तरुणपणी आम्ही कोणीच घालत नव्हतो, केस उडवत फिरायचो आणि त्यात मोठा आनंद होता हे मान्य, पण बाबा कुरकुरले तर त्यांना ही गोष्ट सांगा. अरबस्तानातला तो प्रसिद्ध इंग्रज अधिकारी लॉरेन्स, त्याच्याकडं ब्रफ सुपीरियर नावाची त्या काळातली सगळ्यात भारी ब्रिटिश मोटरसायकल होती, तिच्यावरच मे १९३५ मध्ये दोन सायकलवाल्या मुलांना वाचवताना तो पडला, डोक्याला मार लागला आणि सहा दिवसांनी गेला. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. हा मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही, त्यांनी सैन्यातल्या मोटरसायकलवाल्यांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला, आणि १९४१ मध्ये ब्रिटिश सैन्यानं डिस्पॅच रायडरना हेल्मेट सक्तीचं केलं. हेल्मेटच्या सक्तीची सुरुवात एका ब्रिटिश गाडीवरच्या अपघातातून झालीय, तेव्हा ब्रिटिश गाडी चालवणाऱ्यानं तरी ते टाळू नये.

आणि ताई, तुम्ही पण शिका. बाबा शिकवतील.

जावा पण ब्रिटिशच ना? आमच्या कट्ट्यावर वाद चाललाय. — एक वाचक, सोलापूर

नाही. जावा चेकोस्लोव्हाकियाची, इकडं म्हैसूरला बनायची. राजदूत १७५ चा मूळ आराखडा पोलंडचा. दोन्ही टू-स्ट्रोक, दोन्ही मला आवडतात, पण आजचा विषय त्यांचा नाही.

काका, लेस्टरहून लिहितेय, इथं येऊन तीस वर्षं झाली. शेजारचे गृहस्थ ८२ वर्षांचे, बायको गेल्यापासून एकटेच असतात. मी कधी वरण-भात नेऊन दिला की गप्पा मारतात आणि त्यात सारखं गोल्डी, बॉनी, द एस, टन केला असलं काही बोलतात, डोळे पाणावतात. मला काहीच कळत नाही आणि विचारायला संकोच वाटतो. हे काय आहे?

संकोच अजिबात करू नका, विचारा! तुम्हाला थोडी माहिती देऊन ठेवतो म्हणजे गप्पा रंगतील.

द एस म्हणजे एस कॅफे, लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरचं खाण्याचं ठिकाण. १९३८ मध्ये ट्रकवाल्यांसाठी सुरू झालं, युद्धात बॉम्ब पडून उद्ध्वस्त झालं, १९४९ मध्ये परत बांधलं. रात्रभर उघडं असायचं. पन्नास-साठच्या दशकात कारखान्यांत काम करणाऱ्या पोरांच्या हातात पहिल्यांदा स्वतःचे पैसे आले, हप्त्यानं मोटरसायकल मिळायला लागली, आणि ही पोरं लेदरची जाकिटं घालून रात्री तिथं जमायची. त्यांना रॉकर म्हणायचे. टन म्हणजे ताशी १०० मैल, आपले १६० किलोमीटर. ज्यानं टन केला तो मोठा. असं सांगतात की ज्यूकबॉक्सवर गाणं लावायचं आणि गाणं संपायच्या आत ठरलेल्या जागेला वळसा घालून परत यायचं. यात किती पोरं गेली असतील, आईबापांच्या जिवाला काय घोर लागला असेल, ते मला आता या वयात जास्त जाणवतं. तुमच्या शेजाऱ्यांचे डोळे पाणावतात त्यात एखादा मित्रही असेल, तेव्हा त्या वळणावर जरा हळू जा.

गोल्डी म्हणजे बीएसएची गोल्ड स्टार. ब्रुकलँड्स नावाच्या रेसिंग ट्रॅकवर शर्यतीत ताशी १०० मैलांनी फेरी मारणाऱ्याला छातीवर लावायला सोन्याचा तारा मिळायचा, १९३७ मध्ये बीएसएच्या गाडीवर तो मिळाला आणि त्यावरून पुढच्या मॉडेलचं नाव पडलं. बॉनी म्हणजे ट्रायम्फ बॉनव्हिल, १९५९ सालची, अमेरिकेत युटामध्ये मिठाचं सपाट मैदान आहे जिथं वेगाचे विक्रम करतात, त्या मैदानाचं नाव. आणि एकदा ट्रायटन हा शब्द टाकून बघा. नॉर्टनची फ्रेम त्या काळात सगळ्यात चांगली, वळणावर रुळावरून गेल्यासारखी जायची, आणि ट्रायम्फचं इंजिन सगळ्यात चपळ, म्हणून पोरं घरच्या शेडमध्ये नॉर्टनच्या फ्रेममध्ये ट्रायम्फचं इंजिन बसवायची, ती ट्रायटन. कंपन्यांनी न केलेलं लग्न या पोरांनी लावलं.

एस कॅफे १९६९ मध्ये बंद पडलं. त्याच वर्षी होंडाची चार सिलिंडरची सीबी७५० आली, बटण दाबलं की चालू, पुढं डिस्क ब्रेक, खाली ऑइलचा थेंब नाही. ब्रिटिश इंजिनाचा क्रँककेस उभा चिरलेला, दोन अर्धुकं एकमेकांना जोडलेली, त्या सांध्यातून ऑइल यायचंच, जपान्यांनी तो आडवा चिरला आणि प्रश्नच संपवला. तिकडचे कारखाने त्यानंतर काही वर्षांतच एकामागून एक कोसळले. कॅफे मात्र पुन्हा उघडलंय, जुनी माणसं गाड्या घेऊन येतात. लेस्टरहून दोन-अडीच तासांची वाट आहे. एखाद्या रविवारी त्यांना गाडीत घालून घेऊन जा. वरण-भाताचा डबा बरोबर न्या.

मुंबईहून लिहितोय. जुनी एरियल घेतली, उत्साहानं नवीन पान्यांचा सेट आणला तर एकही पाना धड बसत नाही, १४ चा ढिला होतो आणि १३ चा जातच नाही. गॅरेजवाल्यानं जोर लावून दोन नट गोल केले. काय करू?

अरेरे. आता त्या गॅरेजमध्ये गाडी ठेवू नका.

तुमचे पाने मिलिमीटरचे आहेत आणि गाडीला मिलिमीटर माहीतच नाही. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८४१ मध्ये आट्यांचं पहिलं प्रमाण ठरवलं, ५५ अंशांचा कोन, आणि इंग्लंड पुढं शंभरावर वर्षं त्याच्यावरच चाललं. मोटरसायकलींत त्याच्या जोडीला सायकलीचे बारीक आटे पण वापरतात, इंचाला २६. यातली गंमत कळायला वेळ लागतो, पान्यावर १/४ लिहिलंय म्हणजे पान्याचं तोंड पाव इंच नाही, ज्या बोल्टला तो बसतो त्या बोल्टची जाडी पाव इंच. तोंड त्याच्या दुपटीहून मोठं. मला हे माहीत नव्हतं तेव्हा मी पण पट्टी घेऊन मोजत बसलो होतो आणि हिशोब काही लागेना.

तेव्हा व्हिटवर्थचेच पाने शोधा, ३/१६, १/४, ५/१६ एवढे तीन असले तरी बरंचसं काम होतं. पुण्याला आलात तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा, गंजलेल्या लोखंडाच्या ढिगात बसून एकेक पाना उचलून त्यावरची अक्षरं पुसून वाचायची, अख्खी सकाळ जाते पण मिळतात. शेफिल्डचं पोलाद असेल तर गंजाखालचा पाना अजून कोरा निघतो. आमच्या वेळी नाना पेठेत एक बुजुर्ग फिटर होते, नुसता नट बोटांत धरून फिरवायचे आणि सांगायचे हा सायकलचा आटा, हा व्हिटवर्थ. मी त्यांच्याकडं संध्याकाळचा जाऊन बसायचो, ते काम करायचे आणि मी कंदील धरायचो. दोन वर्षांनी त्यांनी पहिल्यांदा माझ्या हातात पाना दिला. त्या दिवशी मी चालत घरी गेलो, सायकल त्यांच्याकडंच विसरलो.

गोल झालेले नट फेकू नका. तसेच नवे नट करून देणारे लेथवाले अजून आहेत, त्यांना नमुना म्हणून लागतील.

आजोबांच्या गाडीचे कागदच नाहीत. आरटीओत नोंद होईल का?

५० वर्षांहून जुनी आणि मोठा बदल न केलेली गाडी असेल तर २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणं व्हिंटेज म्हणून नोंद करता येते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, १० वर्षांसाठी, नंतर ५,००० भरून पुन्हा. रोज ऑफिसला न्यायला मात्र ती चालत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यासाठीच. आणि जुनी नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, तेव्हा आधी घरातल्या ट्रंका, पोथ्यांची गाठोडी, देव्हाऱ्याखालचा खण सगळं शोधा. जुनं आरसी बुक माणसं जपून ठेवायची, बहुतेक वेळा आजीच्या साडीत निघतं.

सर, मी चाकणला कामाला आहे. आमच्याकडं ट्रायम्फच्या गाड्या बनतात. तुम्ही जुनी ट्रायम्फ चालवलीय का? ती कशी होती? लाइनवर आम्ही कधीकधी बोलतो की आपण बनवतोय ते नाव नक्की कुठून आलंय.

तुझं पत्र वाचून खूप बरं वाटलं बघ. दोनदा वाचलं.

ट्रायम्फचा जुना कारखाना कॉव्हेंट्रीत. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात ते शहर जळालं आणि कारखानाही गेला. मग जवळच मेरिडेन गावात नवा उभा केला. १९७३ मध्ये मालकांनी तो बंद करायचं ठरवलं तेव्हा कामगारांनी दारं अडवली, आतच बसले, हटलेच नाहीत, आणि १९७५ मध्ये स्वतःची सहकारी संस्था काढून तोच कारखाना स्वतः चालवायला घेतला. साखर कारखान्यांच्या मुलखात राहणाऱ्या आपल्याला हे चटकन समजतं. १९८३ पर्यंत त्यांनी तो रेटला. मग बांधकाम व्यवसायातल्या जॉन ब्लूर यांनी नाव विकत घेतलं, हिंक्लीला नवा कारखाना बांधला, १९९० च्या सुमारास गाड्या परत सुरू झाल्या, आणि २०२३ पासून तुम्ही चाकणला ४०० सीसीची बनवताय. म्हणजे ज्या नावासाठी मेरिडेनचे कामगार दाराशी बसून राहिले ते नाव आता तुमच्या हातात आहे. लाइनवर दोस्तांना सांग हे.

चालवलीय का? एकदाच. १९७२ असेल, पुण्यात कॅम्पात एका इराण्याच्या हॉटेलसमोर एक स्पीड ट्विन उभी असायची, एका वयस्कर पारशी गृहस्थांची, लाल-तांबूस रंगाची. १९३७ मध्ये एडवर्ड टर्नर यांनी हे मॉडेल आणलं, ४९८ सीसी, दोन सिलिंडर शेजारीशेजारी आणि दोन्ही पिस्टन एकदमच वर आणि एकदमच खाली. त्यानंतर बऱ्याच ब्रिटिश कंपन्यांनी तसंच इंजिन बनवलं. मी रोज त्या गाडीसमोर बनमस्का खायचो. एक दिवस ते गृहस्थ बाहेर आले आणि म्हणाले, डिकरा, रोज बघतोस, बस. त्यांनी मला एम्प्रेस गार्डनपर्यंत चालवायला दिली आणि स्वतः मागं बसले. मामाच्या बीएसएचा एकेक ठोका मोजता यायचा, ही तशी नव्हतीच, कापड फाडल्यासारखा सलग आवाज, मूठ पिळली की ती वाट बघायची नाही. मी दुसऱ्या गिअरच्या वर गेलोच नाही, हात थरथरत होते. परत आल्यावर त्यांनी टाकीवर हात ठेवून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, कळलं? मी म्हटलं कळलं.

तू बनवतोस त्या गाडीचं सिलिंडर एकच आहे, गिअर डावीकडं आहे, ऑइल गळत नाही, सगळं वेगळं. पण टाकीवर ते नाव लावताना जरा अंगठ्यानं पुसून लाव.

काका, गेल्या अंकात महाबळेश्वरचं लिहिलंत आणि एकदम संपवलंत. ती बीएसए पुढं कुठं गेली? मी ७४ वर्षांचा आहे, माझी नॉर्टन मी विकली त्याला चाळीस वर्षं झाली, तुमची अजून आहे का एवढंच विचारायचंय. — कोल्हापूर

नाही हो. १९७९ मध्ये दिली.

महाबळेश्वरचं तेव्हा जागा नव्हती म्हणून राहिलं. मी आणि मामा डबलसीट, कात्रजचा बोगदा, खंबाटकी, वाईला ढोल्या गणपतीला नमस्कार, आणि पसरणीचा घाट चढताना मामानं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला घाई नको, टायमिंग जरा मागं घे, तिला तिच्या चालीनं चढू दे. मी लिव्हर दोन दाते मागं घेतला आणि खरंच, धडपडत होती ती एकदम शांत झाली, चालत्या बैलासारखी एका लयीत वर गेली. खाली कृष्णेचं खोरं, धुकं, गरम ऑइलचा वास, आणि मामाचा हात. मामा पुढच्याच वर्षी गेला. गाडी मामीनं मला दिली.

मग लग्न झालं, मुलगी झाली, बायकोला तिला कडेवर घेऊन त्या स्प्रिंगच्या सीटमागं बसता येईना. स्कूटरचा नंबर लावला होता तो बऱ्याच वर्षांनी लागला आणि पैसे भरायला हवे होते. फलटणकडचे एक शेतकरी आले, गाडी बघितली, पैसे मोजून दिले. त्यांच्याबरोबरच्या पोरानं किक मारली, नाही झाली. परत मारली, पाच-सात वेळा, घामाघूम झाला. मी सांगत होतो, टिकलर दाब, लिव्हर मागं, पण त्याला जमेना. शेवटी ते शेतकरी म्हणाले, तुमीच द्या की चालू करून. मी चप्पल काढून मामाचे जुने बूट घातले, बाहेर आलो, काटा नाही, मीटर नाही, पायानंच दगड शोधला आणि पहिल्या किकमध्ये झाली. बंद पडू नये म्हणून मी खाली न उतरता ती तशीच चालू धरून ठेवली, आणि ते पोरगं पलीकडून चढलं तसा मी अलीकडून उतरलो, मूठ मात्र त्याच्या हातात जाईपर्यंत सोडली नाही.

गल्लीच्या टोकाला त्यानं टायमिंग पुढं घेतलं असावं, आवाज मोकळा झाला. मामी वर गॅलरीत उभी होती.

नॉर्टनचं पूर्ण लिहून पाठवा, कुठलं मॉडेल, कुठं कुठं फिरलात, सगळं. पुढच्या अंकात छापतो.